ओन्नेकाची दोन घरं



2018 साली एक बातमी जगभर फिरली. तुमच्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही ती आली असेल. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वंशज आहेत, अशी ती बातमी. आपल्याकडे ती मोठ्या हौसेनं पुढे पाठवली गेली. "बघा, इंग्लंडची राणीसुद्धा आपलीच!" असं लिहून.

या दाव्याचा धागा जातो अकराव्या शतकातल्या स्पेनमधल्या एका बाईपर्यंत. तिचं नाव झायदा. ती सेव्हिलचा राजा अल-मुतमिद याची मुलगी होती, मुतमिद प्रेषितांच्या घराण्यातला होता, आणि झायदाच्या पोटी पुढे युरोपातले राजे जन्मले, अशी ही साखळी. पण ती पहिल्याच कडीला तुटते. अरबी इतिहासग्रंथात झायदा मुतमिदची सून आहे, मुलगी नाही. आणि मुतमिदचं अब्बादी घराणं स्वतःला लखम या टोळीतलं म्हणवत असे, कुरैशमधलं नव्हे.

तेव्हा बातमी बाजूला ठेवू. मला प्रश्न पडतो तो आपल्या आनंदाचा. एखाद्या राणीच्या अंगात आपलं रक्त असलं, तर आपल्याला नेमकं काय मिळतं? हा प्रश्न मनात ठेवून आज मी तुम्हाला स्पेनच्या राजघराण्यांची सोयरीक सांगणार आहे. सुरुवात झायदाच्याही दोनशे वर्षं आधी, ओन्नेका नावाच्या एका मुलीपासून.

स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी पाम्प्लोना नावाचं छोटं ख्रिस्ती राज्य होतं. पुढे त्यालाच नवार्रे म्हणू लागले. दक्षिणेला कॉर्दोबा, म्हणजे आपल्या पुस्तकांतलं कुर्तुबा. तिथे उमय्या घराण्याची सत्ता. 860 साली कॉर्दोबाच्या सैन्यानं पाम्प्लोनाचा राजपुत्र फॉर्तून याला पकडून नेलं. तो सुमारे वीस वर्षं कॉर्दोबात ओलीस राहिला. ओन्नेका ही त्याची मुलगी. ती उमय्या राजपुत्र अब्दुल्लाहच्या घरात गेली. हा अब्दुल्लाह पुढे अमीर झाला. त्याच्यापासून तिला मुहम्मद नावाचा मुलगा झाला. तिचा दुसरा संसार पाम्प्लोनात, अझनार नावाच्या आपल्याच नात्यातल्या सरदाराशी. तिथे तिला मुलगी झाली, तोदा.

म्हणजे आई एक, बाप दोन. मुलगा कॉर्दोबात मुसलमान, मुलगी पाम्प्लोनात ख्रिस्ती.

मुहम्मदचं पुढे काय झालं? त्याला 891 साली त्याच्याच भावानं, मुतर्रिफनं मारलं. तेव्हा मुहम्मदचा मुलगा तान्हा होता. आजोबा अब्दुल्लाहनं या नातवाला वाढवलं आणि 912 साली तोच गादीवर आला. तो अब्दुर्रहमान तिसरा. 929 साली त्यानं स्वतःला खलिफा म्हणून जाहीर केलं आणि 961 पर्यंत राज्य केलं. अंदलुसच्या वैभवाचा काळ म्हणून आपण जो सांगतो, तो याचाच. त्याची आई मुझ्नाही ख्रिस्ती घरात जन्मलेली, जनानखान्यात आलेली बाई होती. या घराण्यातले बहुतेक खलिफा गोरे आणि सोनेरी केसांचे होते, असं कॉर्दोबाचे मोठे विद्वान इब्न हज्म यांनी नोंदवून ठेवलं आहे.

आणि तोदा? ती पाम्प्लोनाची राणी झाली. नवरा वारल्यावर लहान मुलाच्या वतीनं तिनंच कारभार पाहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर पाम्प्लोनाची ख्रिस्ती राणी ही कॉर्दोबाच्या खलिफाची आत्या होती.

934 साली खलिफाचं सैन्य उत्तरेला चालून आलं. तोदा स्वतः त्याच्या छावणीत गेली. तिनं नात्याची आठवण दिली, मांडलिकत्व कबूल केलं आणि आपल्या मुलाची गादी वाचवली. इथे एखादा गोष्ट संपवेल आणि म्हणेल, पाहा, काय सलोखा होता! पण पाचच वर्षांनी, 939 साली, सिमांकासजवळ मोठी लढाई झाली. खलिफाच्या विरुद्ध लेओनचा राजा रामिरो उभा होता. तो तोदाचा जावई, म्हणजे खलिफाच्या आत्येबहिणीचा नवरा. नवार्रेचं सैन्यही त्याच्याच बाजूनं. खलिफाचा सपशेल पराभव झाला. त्याची कुराणाची प्रतसुद्धा शत्रूच्या हाती पडली.

पुढे आणखी एकोणीस वर्षं गेली. तोदाचा नातू सांचो लेओनच्या गादीवर आला होता. पण तो इतका लठ्ठ होता, की त्याला घोड्यावर बसता येईना. सरदारांनी त्याला हाकलून दिलं. आजीबाईंनी पुन्हा भाच्याकडे निरोप धाडला. खलिफानं आपला ज्यू वैद्य आणि मुत्सद्दी हसदाई इब्न शप्रूत याला पाठवलं. 958 साली म्हातारी तोदा, तिचा मुलगा आणि हा नातू असे तिघं कॉर्दोबाला आले. हसदाईनं सांचोचं वजन उतरवलं. मग कॉर्दोबाच्या फौजेच्या मदतीनं त्याला त्याची गादी परत मिळाली. बदल्यात सरहद्दीवरचे किल्ले देण्याचं कबूल झालं होतं. मुसलमान खलिफा, ख्रिस्ती राणी, ज्यू वैद्य. चित्र सुंदर आहे आणि खरंही आहे. पण किल्ल्यांचा व्यवहार त्यातून वगळू नका. नातं बोलणी सुरू करायला उपयोगी पडलं. बोलणी ठरली ती ताकदीवर.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या सोयरिकीत मुली कुठून कुठे गेल्या? उत्तरेकडून दक्षिणेकडे. दहाव्या शतकाच्या शेवटी कॉर्दोबात खलिफा नावापुरता उरला आणि सत्ता मन्सूर या वजीराच्या हाती गेली. ख्रिस्ती राज्यांवर त्यानं एकामागून एक स्वाऱ्या केल्या, 997 साली सांतियागोचं तीर्थक्षेत्र उद्ध्वस्त केलं. पाम्प्लोनाच्या राजानं, म्हणजे तोदाच्या दुसऱ्या नातवानं, आपली मुलगी या मन्सूरला दिली. 992 साली तो राजा स्वतः कॉर्दोबाला आला आणि आपल्या लहान नातवाला भेटला. त्या मुलाचं नाव अब्दुर्रहमान, पण लोक त्याला आजोबांच्या नावावरून 'शंजूल' म्हणत. शंजूल म्हणजे छोटा सांचो. मोठेपणी यानं खलिफाकडून स्वतःला वारस जाहीर करून घेतलं आणि बंड पेटलं. 1009 साली तो मारला गेला. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत कॉर्दोबाची खिलाफतच संपली.

सत्तेचं पारडं फिरलं तसा मुलींचा रस्ताही फिरला. कास्तिल-लेओनचा राजा सहावा अल्फोन्सो हाही तोदाच्याच वंशातला. 1072 साली भावानं त्याला हाकललं, तेव्हा त्याला आसरा दिला तोलेदोच्या मुसलमान राजानं. 1085 साली तेच तोलेदो अल्फोन्सोनं जिंकलं. मोरोक्कोहून आलेल्या मुराबितांनी 1091 साली सेव्हिल आणि कॉर्दोबा घेतलं, मुतमिदच्या मुलाला मारलं. त्या मुलाची विधवा ती झायदा. ती अल्फोन्सोच्या आश्रयाला गेली, तिचा बाप्तिस्मा झाला, नाव इसाबेल पडलं. अल्फोन्सोला मुलगा झाला तो तिच्याच पोटी. त्याचं नावही सांचो. गादीचा हा एकुलता एक वारस 1108 साली, ऐन पोरवयात, उक्लेसच्या लढाईत मुराबितांशी लढताना मेला.

शंजूलची आई ख्रिस्ती घरची, हा सांचो मुसलमान सुनेचा मुलगा. दोघंही ज्या बाजूला वाढले, त्या बाजूनं उभे राहिले. रक्त काही बोललं नाही. आणि या बायकांना काय वाटलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. ओन्नेका, मुझ्ना, झायदा. दोन्ही बाजूंच्या वंशावळी यांच्यावर उभ्या आहेत, पण या कुणाच्या तरी मुली, कुणाच्या तरी आया म्हणूनच उरल्या. नावंसुद्धा घर बदललं की बदलली. सलोख्याची उदाहरणं म्हणून ही लग्नं सांगताना निदान एवढं विचारलं पाहिजे, की त्या मुलींना कुणी विचारलं होतं का?

आता शेवटचा भाग, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

1449 साली तोलेदो शहरात दंगल झाली. बंडखोरांनी एक ठराव केला. ज्यांचे पूर्वज ज्यू होते, ते आज ख्रिस्ती असले तरी त्यांना शहरात अधिकाराची पदं मिळणार नाहीत. त्या वेळच्या पोपनं, पाचव्या निकोलसनं, त्याच वर्षी या प्रकाराचा निषेध केला. तरीही ही कल्पना पसरत गेली. तिला नाव मिळालं 'रक्ताची शुद्धता'. मठ, चर्च, विद्यापीठांची महाविद्यालयं, सगळीकडे माणसाला आजोबा-पणजोबांचा दाखला द्यावा लागू लागला. ज्यूंप्रमाणे मुसलमान पूर्वजही डाग ठरले.

2 जानेवारी 1492 रोजी ग्रानादा शरण आलं. करारात मुसलमानांना धर्म पाळण्याची हमी होती. दहा वर्षांच्या आत ती मोडली. 1502 साली कास्तिलमधल्या मुसलमानांना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, असं सांगण्यात आलं. असे ख्रिस्ती झालेले लोक म्हणजे मोरिस्को. पुढे चार पिढ्या ते नावानं ख्रिस्ती होते. काही मनातून मुसलमान, काही मनापासून ख्रिस्ती, काही मधेच कुठेतरी. 1609 ते 1614 या काळात राजा तिसऱ्या फिलिपच्या हुकमानं त्यांना देशाबाहेर काढलं. सुमारे तीन लाख माणसं. अनेक ठिकाणी लहान मुलं आईबापांपासून काढून घेतली. उत्तर आफ्रिकेत उतरलेल्यांकडे तिथेही संशयानं पाहिलं गेलं, कारण त्यांची बोली आणि पेहराव स्पॅनिश होता.

आता हा तिसरा फिलिप कोण? तोही तोदाचाच वंशज. म्हणजे ओन्नेकाचा. ज्या बाईचा एक नातू कॉर्दोबाचा खलिफा, तिच्याच दुसऱ्या घरातल्या वारसानं साडेसहाशे वर्षांनी 'मुसलमान रक्ताच्या' लोकांना हाकलून दिलं. खुद्द ग्रानादाच्या शेवटच्या राजघराण्यातले दोन राजपुत्र, ज्यांची आई सुरैया ही ख्रिस्ती घरात जन्मलेली होती, बाप्तिस्मा घेऊन स्पेनच्या अमीर-उमरावांत बसले. त्यांना कुणी जहाजावर चढवलं नाही. जहाजावर चढले ते शेतकरी, माळी, विणकर, खेचरं हाकणारे. राजांची सोयरीक राजांपुरती होती. रयतेला ती कधीच कामाला आली नाही.

म्हणून मी सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारतो. राणी आपल्या रक्ताची निघाली, तर आपल्याला काय मिळतं? तोदाच्या गोष्टीनं उत्तर दिलं आहे. काहीच नाही. माणसाला वाचवतो तो कायदा. आजोबा कोण होते हे न विचारणारा, सगळ्यांना सारखा असणारा. तो गेला की भाऊबंदही ओळख देत नाहीत.

दोन गोष्टी सांगून थांबतो. स्पेनचा इतिहास दोन प्रकारे विकला जातो. एक, तिथे सातशे-आठशे वर्षं नुसतं धर्मयुद्ध चाललं होतं. दोन, मुसलमानांच्या राज्यात सगळं सोन्याचं होतं. दोन्ही सांगणाऱ्यांना तोदा अडचणीची आहे. तुम्ही तिची गोष्ट दोघांनाही सांगा.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. 'रक्ताची शुद्धता' ऐकून तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. पण मग आपल्याकडे स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता असतो? खानदान कोणतं? सय्यद की शेख? बागवान, तांबोळी, पिंजारी असं कळलं की चहाचा कप तसाच ठेवून उठणारे आपल्यातच आहेत ना? आपले पूर्वज अरबस्तानातून आले असं सांगताना आपला आवाज चढतो, आणि इथल्याच मातीतले होते म्हणताना उतरतो. अरबाला बिगरअरबावर श्रेष्ठत्व नाही, ही प्रेषितांच्या अखेरच्या हजच्या प्रवचनातली शिकवण आपण दरवर्षी ऐकतो. ऐकून घरी जातो आणि बिरादरी विचारतो. संविधानाकडे समान हक्क मागायचे आणि ओसरीवर वंश तपासायचा, हे दोन्ही एकाच तोंडानं करता येणार नाही.

घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या घराण्याची वंशावळ लिहा, पण फक्त बायकांची. आई, तिची आई, तिची आई. कुठून आली, नाव काय होतं, तिला कुणी विचारलं होतं का. बहुतेकांची तिसऱ्या-चौथ्या नावाशी थांबेल. जिथे ती थांबते, तिथून पुढे कुणाला रक्ताचा अभिमान सांगायचा, ते तुम्हीच ठरवा.