न दिसणारे शेत



दिल्लीच्या डिसेंबरात इडलीचे पीठ लवकर फुगत नाही. मग घरातील आई ते पातेले जाड पांघरुणात गुंडाळून उबेला ठेवते. ती ऊब असते पिठातील सूक्ष्मजीवांसाठी. तुरीच्या वरणातही त्यांचा वाटा आहे. तुरीच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जीवाणू हवेतील नत्र पिकाला देतात आणि त्या नत्रातूनच डाळीतील प्रथिने घडतात. मग हे सूक्ष्मजीव स्वतःच अन्न होऊ शकतील का?

हा विषय दिल्लीला परका नाही. बिहारमधील १९३४च्या भूकंपानंतर पुसा येथून १९३६ मध्ये राजधानीत आलेल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत नील-हरित शैवालांचे जतन व उपयोग यांसाठी राष्ट्रीय केंद्र आहे. ही शैवाले नावापुरतीच, जात जीवाणूंची. त्यांतील काही भातशेतीला नत्र पुरवतात. त्याच समूहातील स्पिरुलिना मात्र थेट ताटात येते. आफ्रिकेतील चाड सरोवराकाठच्या स्त्रिया ती गाळून, उन्हात वाळवून तिच्या वड्या करतात.

वाळलेल्या स्पिरुलिनात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत सुमारे २२ टक्के. परंतु टक्केवारीने भुलू नये. पाच ग्रॅम स्पिरुलिनातून मिळतात तीन ग्रॅम प्रथिने. तीस ग्रॅम डाळीच्या वरणातून मिळतात सहा-साडेसहा. महागडी भुकटी वरणाची जागा घेत नाही. शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्पिरुलिनातील बी-१२ बहुतांशी मानवी शरीराला उपयोगी पडणारे नसते. त्या भरवशावर राहिल्यास मुलांची उणीव झाकली जाते, भरून निघत नाही. दूषित पाण्यात वाढलेल्या शैवालात विषारी द्रव्ये व जड धातूही उतरतात.

म्हणून या अन्नाला घाई मानवत नाही. इंग्लंडमध्ये १९६७ साली मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून प्रथिनयुक्त पदार्थ बनवण्यात आला; तो बाजारात यायला १९८५ उजाडले. अशा पेशींत न्यूक्लिइक आम्ले फार असतात. ती अतिरेकाने खाल्ल्यास रक्तातील यूरिक आम्ल वाढते. म्हणून उष्णतेची प्रक्रिया देऊन ती कमी करावी लागली.

तरीही वाट आशेची आहे. जगात सर्वाधिक डाळी पिकवणाऱ्या भारताला त्या आयातही कराव्या लागतात. सूक्ष्मजीव टाकीत वाढतात. त्यांना सुपीक जमीन लागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या जैवतंत्रज्ञान धोरणात पर्यायी प्रथिनांना स्थान मिळाले, ते याच कारणाने.

शाळेच्या प्रयोगशाळेत ताकाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या मुलांपैकीच कोणी उद्या या टाक्या उभारील. उरलेल्यांना डब्यावरील मजकूर पारखून वाचता आला, तरी विज्ञानाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.