मण्यार आणि सकाळची शाळा



पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात घराजवळ येतात. महाराष्ट्रात मनुष्यहानीस मुख्यतः चार जाती कारण होतात: नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. पहिल्या तिघांपैकी नाग फणा उभारतो, घोणस मोठ्याने फूत्कारते व फुरसे अंगाचे खवले घासून आवाज करते. मण्यार बहुधा कोणतीच सूचना देत नाही. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरून ती झोपेतच दंश करते. तिचे विषदंत बारीक असल्याने वेदना व सूज फारशी नसते. पुष्कळदा खूणही आढळत नाही.

पहाटे मुलाचे पोट दुखू लागते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते. घरची माणसे ते अपचन समजतात व मुलास शाळेत धाडतात. वर्गात असे मूल पेंगताना दिसले तर त्यास रागे भरू नये. रात्री ते कोठे निजले होते, एवढे विचारून त्यास ताबडतोब दवाखान्यात पोचवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. या विषाने श्वासोच्छ्वासाचे स्नायू लुळे पडतात.

कोणत्याही सर्पदंशात रोग्यास चालू देऊ नये. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरी आवळणे, जखम चिरणे वा चोखणे वर्ज्य समजावे. साप मारून नेण्याचीही आवश्यकता नाही, कारण या चारही जातींवर एकच संयुक्त प्रतिविष दिले जाते.

मांत्रिकाचा गुण येतो असे पालक सांगतात. पुष्कळ दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असा रोगी उपचारावाचूनही वाचतो व श्रेय मंत्रास मिळते. ही गोष्ट गावात शिक्षकानेच समजावून द्यावी.

गोवऱ्या व सरपण घरापासून दूर रचावे. धान्य झाकावे, म्हणजे उंदीर व त्यांच्यामागून साप येणार नाहीत. रात्री विजेरीवाचून अंगणात उतरू नये. शाळेतील पोषण आहाराच्या कोठीसही हेच नियम लागू आहेत.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना २०२४ साली जाहीर झाली. तिचा आरंभ प्रत्येक वर्गात होऊ शकतो. जमिनीवर कोण निजते, हे मुलांस विचारावे. शक्य तेथे खाट वापरावी. खाट नसेल तेथे मच्छरदाणीचे काठ अंथरुणाखाली नीट खोचावेत, हे प्रत्येक मुलाकडून घरी पोचवावे.