नोकरीतला अन्याय आणि माझी श्रद्धा
(महाबळेश्वर येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा मेळावा ठरत होता तेव्हा आपल्या ग्रुपवर एकाने प्रश्न टाकला होता. सलग दुसऱ्या वर्षी त्याची बढती हुकली होती. काम त्याने केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं. "राजीनामा तोंडावर फेकू, की मूग गिळून बसू?" असं त्याने विचारलं होतं. खाली सल्ल्यांचा पाऊस पडला, आणि पावसाचं आपल्याला काय सांगायचं! त्यात एक ओळ माझ्यासाठी होती: "तुला काय, तुमच्यात दुसरा गाल पुढे करतात." संयोजकांनी ती ओळ धरली आणि म्हणाले, आता यावरच बोल.

आमचं घर ख्रिस्ती आहे हे तुम्हाला माहीत आहे. नाताळच्या करंज्या तुम्ही सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. तेव्हा मी बोलेन ते माझ्या श्रद्धेतून बोलेन, पण प्रवचन देणार नाही. मी चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, त्या नोकरीबद्दल बोलणार आहे.

आधी त्या गालाबद्दल. येशूची ती शिकवण आहे, आणि मी ती मानते. पण त्याच येशूला महायाजकापुढे उभं केलं असताना एका शिपायाने त्याला चपराक मारली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात हा प्रसंग आहे. येशूने हात उचलला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. पण आपल्या बोलण्यात चूक काय होती, असं त्याने त्या शिपायाला सरळ विचारलं. म्हणजे सूड न घेणं ही एक गोष्ट, आणि प्रश्न न विचारणं ही दुसरी. या दोन्हींची आपण गल्लत करतो.

दुसरा प्रसंग पौलाचा. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात 16व्या अध्यायात आहे. फिलिप्पै नावाच्या शहरात पौल आणि सीला यांना चौकशी न करता फटके मारले आणि तुरुंगात टाकलं. रात्री भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या सुटल्या. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःचा जीव घ्यायला निघाला. पौल पळाला नव्हता. त्याने हाक मारून त्याला थांबवलं. ही झाली रात्र. सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. पौल जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चारचौघांत फटके मारले आणि आता गुपचूप घालवता, तर स्वतः येऊन बाहेर काढा, असा त्याचा आग्रह होता. अधिकाऱ्यांना यावं लागलं.

मला हे दोन्ही पौल लागतात. रात्रीचा पौल संधी मिळूनही दुसऱ्याचं नुकसान करत नाही. सकाळचा पौल झाल्या गोष्टीचा जाब मागतो. आपल्याकडे ख्रिस्ती सहनशीलता म्हटली की फक्त रात्रीचा पौल आठवतो. आमच्या चर्चमध्येसुद्धा.

आता माझी गोष्ट. मी एका कंपनीत होते, नाव सांगत नाही. कर्जाच्या व्याजाचा हिशोब करणारी एक प्रणाली मी दोन वर्षं खपून लिहिली. मध्यरात्री फोन आला की लॅपटॉप उघडून बसायचं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. वर्षाअखेरीच्या सादरीकरणात त्या कामावर दुसऱ्याच एका सहकाऱ्याचं नाव आलं. बढती त्याला मिळाली आणि माझी श्रेणी एका पायरीने खाली गेली. कारण दिलं 'बेल कर्व्ह'. सरांना, बाईंना सांगते ही काय भानगड आहे ते. वर्गातल्या सगळ्यांनी पेपर चांगला लिहिला तरी ठरावीक जणांना कमी गुण द्यायचेच, अशी ती रीत. तुम्ही आम्हाला तसं कधी तपासलं नाहीत.

आमच्या धंद्यात एक सोय आहे. कोडची प्रत्येक ओळ कोणी आणि कोणत्या तारखेला लिहिली याची नोंद आपोआप राहते. 'गिट' म्हणतात त्या प्रणालीला. म्हणजे माझा पुरावा जागेवर होता. तो उघडून बघायची तसदी कोणी घेतली नव्हती, इतकंच.

त्यानंतर दीड महिन्याने त्याच प्रणालीत मला एक दोष सापडला. कर्जदाराने मध्येच काही रक्कम फेडली की पुढच्या हिशोबात पैसे पूर्णांकात धरताना थोडी गफलत होत होती. एका खात्यात काही पैशांचाच फरक, पण खाती हजारो. आता काम त्या सहकाऱ्याच्या नावावर होतं. मी गप्प राहिले असते तर कधीतरी ग्राहकानेच तो दोष पकडला असता आणि नाचक्की त्याची झाली असती. असा विचार मनात येतो, तुम्हालाही आला असता. पण फरक पडत होता तो कर्जदारांच्या खात्यात, त्यांनी माझं काय बिघडवलं होतं? मी त्याच दिवशी दोष कळवला आणि दुरुस्तीत त्याच्याबरोबर बसले.

त्याच आठवड्यात मी वरिष्ठांना एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात तारखा होत्या, कामांची यादी होती, नोंदींचे दाखले होते. विशेषण एकही नव्हतं. तीन गोष्टी मागितल्या: कामाची नोंद दुरुस्त करा, श्रेणी खाली का आणली ते लेखी द्या, आणि दाद कोणाकडे मागायची ते सांगा. दोन बैठका झाल्या. कामाची नोंद दुरुस्त झाली. श्रेणी आणि पगारवाढ होती तिथेच राहिली.

तुम्हाला वाटेल, पुढे देवाने मोठं बक्षीस दिलं असेल. तसं काही झालं नाही. घराचे हप्ते होते म्हणून मी आणखी चौदा महिने तिथे राहिले, मग दुसरीकडे गेले. जाताना माझ्या जागी येणाऱ्यासाठी सगळी टिपणं पूर्ण करून ठेवली. आमच्याकडे काही लोक टिपणं मुद्दाम अर्धवट ठेवतात, म्हणजे आपल्यावाचून अडावं.

मग श्रद्धेचा यात काय उपयोग झाला? दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की माझं काम बघणारा शेवटचा डोळा साहेबाचा नाही, यावर माझा विश्वास आहे. त्यामुळे साहेबाच्या श्रेणीला जेवढी किंमत आहे तेवढीच मी देऊ शकले. ती पगाराची गोष्ट होती आणि पगारासाठी मी भांडले. पण मी कोण आहे हे त्या कागदावर ठरत नव्हतं. दुसरी गोष्ट प्रार्थनेची. ज्याने आपलं श्रेय घेतलं त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पहिले कितीतरी दिवस मला त्याच्या नावापुढे जाताच येत नव्हतं. नाव घ्यायचं आणि थांबायचं. पुढे कधीतरी त्याच्या आजारी वडिलांसाठी दोन शब्द निघाले. तेव्हापासून ऑफिसात त्याच्याशी बोलताना आवाज चढेनासा झाला.

ही काही माझी शोधून काढलेली वाट नाही. आपल्या महाराष्ट्रातली माणसं तिच्यावरून गेली आहेत. पंडिता रमाबाईंना इंग्लंडमध्ये 1883 साली वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. कारण काय, तर बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं वजन राहणार नाही! रमाबाई तेव्हा पंचविशी-सव्विशीच्या होत्या, परदेशात, पदरी लहान मुलगी, आणि आश्रय त्याच चर्चचा. तरी त्यांनी पत्रांतून स्वच्छ कळवलं की मायदेशात आपण पुरुषांच्या सभांमध्ये बोलत आलो आहोत. आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कोणाच्या हवाली करणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. ही पत्रं 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. चर्चच्या मोठ्या माणसांशी वाद झाला म्हणून त्यांनी श्रद्धा सोडली नाही, आणि श्रद्धा आहे म्हणून वाद टाळला नाही.

पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. ते पुण्याला आल्यावर 1893 मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या माणसांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. त्या वादाला दोन बाजू होत्या, आणि पालकांची काळजी खोटी नव्हती. पण रमाबाईंनी उरलेल्या मुलींचा वर्ग बंद केला नाही. तीन वर्षांनी दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी अनाथ मुलींना केडगावच्या मुक्तीत आणलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, आणि ते पुरं करून 1922 मध्ये त्या गेल्या.

दुसरं नाव आपल्या जिल्ह्याशी जोडलेलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी कित्येक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. पगार देणारे परदेशी आणि घेणारे एतद्देशीय, हे नातं त्यांना बोचत होतं. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन मात्र 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. नोकरी सोडतानाही माणसाला निष्ठा राखता येते, हे मी त्यांच्याकडून घेतलं. राजीनामा देणं म्हणजे धीर सुटणं असं नाही.

इथे एक सावधगिरीचा शब्द. पेत्राच्या पहिल्या पत्रात कठोर धन्याचंही ऐकावं असा उपदेश आहे, आणि तो दाखवून अनेकांना गप्प बसवलं गेलं आहे. तो उपदेश घरगुती गुलामांना केलेला होता. त्यांना दाद मागायला दारच नव्हतं. आपल्याला दारं आहेत. उदाहरणार्थ, लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे त्या कायद्याने अंतर्गत समिती लागते, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. असं काही घडत असेल तर कोणीही, कोणत्याही धर्माच्या नावाने, बाईला सोसायला सांगू नये. उघडं दार असताना ते न ठोठावण्याला मी सहनशीलता म्हणणार नाही.

आणि शेवटचं, जरा अवघड आहे. आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपल्यातले काही हॉटेल चालवतात, काहींची स्ट्रॉबेरीची शेती आहे, काही जण माझ्यासारखे दहा-वीस माणसांच्या श्रेणी ठरवतात. बायबलमध्ये याकोबाची गोष्ट आहे. त्याने मामाकडे, लाबानाकडे, वीस वर्षं गुरं राखली, आणि लाबानाने दहा वेळा त्याची मजुरी बदलली. याकोबही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण रात्रीची थंडी सोसून कळप राखला, मेलेल्या जनावराचं नुकसान स्वतः भरलं, हे त्याने अखेर मामाच्या तोंडावर सांगितलं. ही गोष्ट वाचताना आपण सगळे स्वतःला याकोब समजतो. आपल्या हाताखालचा माणूस ती वाचेल तेव्हा तो आपल्याला कोण समजेल? मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्रात नियम आहे. मी आता कोणाची श्रेणी लिहिण्याआधी त्याच्या कामाच्या नोंदी स्वतः उघडून बघते. एका माणसामागे तासभर जातो. वरून आलेल्या कोष्टकात ते बसलं नाही तर तसं लेखी कळवते. कधी ऐकलं जातं, कधी नाही.

ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो इथे बसला आहे. त्याला माझं सांगणं एवढंच. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी, मे महिन्यातच घराला गवताच्या ताट्या बांधायचे, पाऊस सुरू झाल्यावर नाही. तशा तारखा आणि नोंदी आजपासून लिहून ठेव. पत्र लिही, एक पानाचं. उत्तर यायला वेळ लागेल, तोवर रोजचं काम चोख कर आणि त्या माणसाबद्दल चहाच्या टपरीवर बोलू नकोस. उत्तर आलंच नाही तर शांतपणे दुसरी नोकरी शोध. आणि त्याच्यासाठी प्रार्थना कर. तुझ्या देवाकडे कर, तुझ्या भाषेत कर. नावापुढे जाता आलं नाही तरी चालेल, नाव तेवढं घे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला गणित आणि मराठी शिकवलंत. पेपर परत दिल्यावर गुणांची बेरीज चुकली असेल तर हात वर करा, असंही दरवेळी सांगायचात. हात वर केला म्हणून तुम्ही कोणावर कधी रागावला नाहीत. त्याबद्दल आज मनापासून आभार मानते आणि थांबते.