बुचाच्या कारखान्यांतून निघालेली मोटार



६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां हिरोशिमा शहरावर काय कोसळलें, हें आपणांस सांगावयास नको. त्याच दिवशीं जुजिरो मात्सुदा या तेथील कारखानदारांना सत्तर वर्षें पुरीं झालीं होतीं. ते वांचले. त्यांचा कारखानाही वांचला. कारण तो शहराच्या मध्यापासून सुमारें ५ किलोमीटरांवर फुचू या गांवीं होता, आणि मध्यें हिजियामा नांवाची लहानशी टेकडी आडवी आली. आज जगभर ‘माझदा’ या नांवाची जी मोटार धांवते, तिची ही जन्मभूमि.

मात्सुदा हे कोळ्याच्या पोटीं जन्मले आणि लहानपणींच ओसाकाच्या एका लोहारशाळेंत उमेदवारीला लागले. १९२१ सालीं त्यांच्या हातीं जी कंपनी आली, ती मोटारींची नव्हे, बुचांची! पहिल्या महायुद्धांत परदेशी बुचें येईनाशीं झालीं, म्हणून एका देशी झाडाच्या सालीपासून तीं करण्याची युक्ति निघाली होती. युद्ध संपून खरीं बुचें पुन्हां येऊं लागतांच धंदा बसला. मग मात्सुदा आपल्या मूळच्या लोखंडाकडे वळले आणि १९३१ सालीं त्यांनीं तीन चाकांची मालवाहू गाडी बाजारांत आणली. तिच्या ‘माझदा’ या नांवांत त्यांच्या आडनांवाचा ध्वनि आहे, आणि आपल्या मुंबईचे पारशी ज्याची उपासना करितात त्या अहुरमझ्दाचें स्मरणही आहे. पुढें युद्धकाळांत याच कारखान्यांत सैन्यासाठीं रायफली झाल्या, हेंही सांगितलें पाहिजे.

शहर जळून गेल्यावर प्रांताची सरकारी कचेरी या कारखान्याच्या इमारतींत आली. तेथील नभोवाणी केंद्रानेंही कांहीं काळ येथेंच आसरा घेतला. ध्वनिक्षेपकासमोर बसून हें सांगतांना मला त्याचें विशेष वाटतें. आणि डिसेंबर १९४५ मध्यें, म्हणजे स्फोटानंतर चारच महिन्यांनीं, तीनचाकी गाड्या पुन्हां तयार होऊं लागल्या.

प्रवाशांची पहिली मोटार १९६० सालीं निघाली. पण लगेच नवें संकट उभें राहिलें. सरकारी उद्योगखात्याच्या मनांत असें कीं, लहान मोटार-कंपन्यांनीं मोठ्यांत विलीन व्हावें. आपला कारखाना असा नाहींसा होऊं द्यावयाचा नाहीं, या जिद्दीनें जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी यांनीं जर्मनींतील एन्‌एस्‌यू कंपनीशीं करार केला आणि फेलिक्स व्हांकेल यांच्या फिरत्या एंजिनाचे हक्क मिळविले. साध्या एंजिनांत दट्ट्या वरखालीं होतो. यांत त्रिकोणी चकती पोकळींत गरगर फिरते. कागदावर फार सुंदर! प्रत्यक्षांत त्या त्रिकोणाच्या टोंकांवरील पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर असे ओरखडे काढीत कीं, त्या ओरखड्यांना ‘सैतानाचीं नखें’ असेंच नांव पडलें. केनिचि यामामोतो आणि त्यांचे सहकारी, मिळून ४७ जण, वर्षानुवर्षें या नखांशीं झगडले. अखेर कर्ब आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या टिकल्या, आणि १९६७ सालीं ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली.

मला विचाराल तर हा सौदा शहाणपणाचा नव्हता. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, आणि हें एंजिन पेट्रोल फार पितें हें अमेरिकेंतील गिऱ्हाइकांच्या ध्यानीं आलें. कंपनी बुडण्याच्या बेतांत होती. सुमितोमो बँकेनें हात दिला, हजारों कामगारांना यंत्रें सोडून मोटारी विकण्याच्या कामाला जावें लागलें, आणि १९७९ सालीं अमेरिकेच्या फोर्ड कंपनीनें सुमारें चतुर्थांश भाग घेतला. ज्या स्वातंत्र्यासाठीं हें एंजिन आणलें, त्याच स्वातंत्र्याचा एक वांटा असा खर्ची पडला!

तरी त्यांनीं तें टाकलें नाहीं. १९९१ सालीं फ्रान्समध्यें ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत याच एंजिनाच्या गाडीनें जिंकली; तोंवर एकाही जपानी कारखान्याला तो मान मिळाला नव्हता. फोर्ड पुढें हळूहळू बाहेर पडली. २०१२ सालीं ‘आर्‌एक्स-८’ ही गाडी बंद झाली तेव्हां हें एंजिन संपलेंसें वाटलें. पण २०२३ सालीं तें पुन्हां आलें, आतां चाकें फिरविण्यासाठीं नव्हे, तर विजेवर चालणाऱ्या मोटारींत वीज उत्पन्न करण्यासाठीं. कंपनीची मुख्य कचेरी अद्याप फुचूलाच आहे.