दात पांढरे की दात धड?



कोणी दातवण करतो, कोणी कोळसा घासतो, कोणी मिश्री लावते. "चुलीतलंच आहे, त्यानं काय होतंय?"

दातवणाचं ठीक. काडी मऊ चावा, हळू फिरवा. पण कोळसा, विटेची भुकटी खरखरीत. तिनं दाताचं कवच झिजतं. लिंबानंही झिजतं. नख कापलं तर वाढतं, हे कवच पुन्हा येत नाही. आतला दात पिवळाच. मग घासाल तितका पिवळा दिसेल!

मिश्री तर भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली.

दातांचा डॉक्टर कीटण काढतो, त्यानं चांगला दात हलत नाही. औषधानं दात उजळताना तो आधी कीड बघतो, हिरड्या झाकतो. नंतर एक-दोन दिवस गार पाणी झोंबतं खरं, पण ते थांबतं.