वाटाड्या आधी, वाघ नंतर

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडं संपादन करून)



पत्रिकेत विषय छापलाय ‘वर्षावनातील पर्यटन : नियोजन आणि तयारी’. तयारीचं सांगतोच. त्याआधी एक म्हणणं मांडतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. सदाहरित जंगलात सुट्टीला जायचं तर रिसॉर्ट कोणतं, कॅमेरा कोणता, हे मागाहून बघा. आधी वाटाड्या ठरवा.

पश्चिम घाट म्हणजे काय, तिथे पाऊस किती, हे या सभागृहाला सांगायला नको. पुढे जातो.

थेक्कडीला किती जण जाऊन आलेत? हात वर करा. निम्मं सभागृह! बोटीतून फिरून किती जण आले? तेवढेच हात. आणि पेरियारच्या रानात पायी किती जण चालले? (हशा) बघा, तिसऱ्या रांगेत दोन हात.

मागून एक गृहस्थ म्हणतायत, ‘एवढे पैसे भरले आणि साधा गवा दिसला नाही.’ साहेब, तुमची तक्रार मी गंभीरपणे घेतो. ताडोब्यात उन्हाळ्यात पानं गळलेली असतात, पाणवठे मोजके असतात, जनावर पाण्यावर येतंच. सदाहरित रानाचा न्याय वेगळा. तिथे झाडांचे शेंडे तीस-चाळीस मीटरवर एकमेकांत मिसळलेले, खाली ऊन पोहोचत नाही, म्हणून गवत बेताचं आणि चरणारे कळपही बेताचे. निम्मं जगणं डोक्यावर चाललेलं असतं : सिंहपुच्छ माकडं, निलगिरी वानर, महाधनेश, आपला शेकरू. डोळ्यांवर विसंबलात तर रिकाम्या हाताने परत याल.

वाटाड्या काय करतो? वाटेवर अर्धवट खाल्लेली फळं दिसली की थांबतो, कुठल्या झाडाची ते बघतो, आणि मग मान वर करतो. महाधनेशाच्या पंखांचा घरघराट त्याला पक्षी दिसायच्या आधी कळतो. हत्तीची लीद किती ताजी, यावरून तो पुढची वाट बदलतो. हे ज्ञान एखाद्या शिबिरात मिळत नाही. ते त्या रानात पोट भरलेल्या माणसाकडेच असतं.

यावर पेरियारचाच दाखला देतो. दोन मिनिटांत आटोपतो.

वायणा नावाचं झाड आहे, रानदालचिनीच्या जातीचं. त्याची साल मसाल्याच्या बाजारात विकली जाते. साल पूर्ण सोलली की झाड मरतं. केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या गावांतली वीसेक माणसांची टोळी ही साल चोरून काढायची. जंगलात मुक्काम, डोक्यावर ओझं, वनरक्षकांना चुकवत सीमेपलीकडे. १९९८च्या सुमारास, इंडिया इकोडेव्हलपमेंट प्रकल्प चालू असताना, वनखात्याने या लोकांशी बोलणी केली. चोरी सोडा, रान राखा, पर्यटकांना घेऊन चाला. त्यातून ‘पेरियार टायगर ट्रेल’ उभी राहिली. पाच पर्यटक, पाच वाटाडे आणि सोबत एक सशस्त्र वनरक्षक. तंबूत मुक्काम, दोन किंवा तीन दिवसांची चाल. ज्या आडवाटांनी साल बाहेर जायची त्याच वाटांवर आता गस्त होते.

‘चोराच्याच हाती किल्ल्या!’ (हशा) होय, ही शंका रास्त आहे, मी हसण्यावारी नेत नाही. पण बघा, सालीचा नफा कोणाला मिळायचा? व्यापाऱ्याला. रानात हत्तीपुढे जीव धोक्यात कोण घालायचं? ही माणसं. त्यांना रोजगार मिळाला आणि मानही मिळाला. जवळच्या गावांतल्या बायका २००२पासून ‘वसंत सेना’ म्हणून पगाराविना रोज गस्त घालतात. मन्नान आणि पळियन आदिवासीही तिथे वाटाडे आहेत. हा सगळा डोलारा तुमच्या-माझ्यासारख्यांनी पायी चालायचं ठरवलं तरच टिकतो. बोटीचं तिकीट काढून तीन तासांत मुन्नारकडे पळणाऱ्यांनी नाही टिकणार.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, वाटाड्याच्या मोबदल्यात घासाघीस करू नका. पावसाळ्यात आंबोलीला रात्री बेडूक बघायला जाता, तिथे गावचीच पोरं टॉर्च घेऊन पानाखालचा उडता मलबारी बेडूक दाखवतात. त्याच पोरांशी शंभर रुपयांवरून वाद घालणारे लोक मी पाहिलेत, आणि मला फार वाईट वाटलं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०मध्ये झाला. कोयना-चांदोलीच्या गावांतल्या तरुणांनाही असाच रोजगार मिळायला हवा...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तयारीचं भराभर सांगतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा. जळवा असतातच, गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी जळूमोजे घाला; जळू लागली तर ओढून काढायची घाई नको. मळकट, हिरव्या रंगाचे कपडे. अत्तर नको. मोबाइल बंद. गटात सहाच्या वर माणसं असतील तर दोन गट करा. ट्रॅव्हलवाल्याला पैसे देण्याआधी विचारा : रानात आमच्यासोबत कोण चालणार, तो कुठल्या गावचा, आणि त्याला यातले किती मिळणार?

वाघाचं राहिलं. पेरियारला वाघ आहेत. पायी चालताना दिसणं फार दुर्मीळ, पंजाचा ठसा मात्र वाटाडे ओल्या मातीत दाखवतात. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. दुर्बीण कोणती घ्यावी हे ज्यांना विचारायचंय त्यांनी खाली भेटा, ८×४२ची सोबत आणली आहे, डोळ्याला लावून बघा.