वाइनच्या रस्त्यावर निघाली हक्कसोडची गोष्ट

आजचा एपिसोड ट्रॅव्हलचा आहे. पण सांगून ठेवतो, गाडी फ्रान्समधून निघेल आणि मध्येच निफाडच्या सातबाऱ्याकडे वळेल. तेव्हा इअरफोन काढू नका.

ऑक्टोबरमध्ये मी आणि माझी बायको बर्गंडीला गेलो होतो. पॅरिसहून ट्रेनने साधारण पावणेदोन तासांत दिजाँ. तिथे भाड्याची गाडी घेतली आणि दक्षिणेला सांतनेपर्यंतचा रस्ता धरला. जेमतेम ६० किलोमीटर. दोन तासांत संपेल, आम्ही तीन दिवस लावले. १९३७ पासून हा 'ग्रां क्रूंचा रस्ता' म्हणून ओळखला जातो. ग्रां क्रू म्हणजे इथली सगळ्यात वरच्या दर्जाची वाइन आणि ती जिथे पिकते ती जमीन.

आधी कामाचं बोलू. निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर बुक करा, ती महाग पडते. आणि पिऊन चालवायचं नाही. फ्रान्समध्ये मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोलची आहे. आपल्याकडे त्याहून कडक, ०.३. पण आम्ही आकडेमोडीत पडलोच नाही. एक दिवस ती चालवणार आणि मी चाखणार, दुसऱ्या दिवशी उलट. चाखून थुंकायला तिथे भांडं ठेवलेलं असतं, आणि थुंकलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

आता खरी मजा. माझ्या घरी शेतीचा एक गुंठाही नाही. बायको मात्र निफाडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. त्यामुळे मी फोटो काढत होतो आणि ती वेली मोजत होती. आपल्याकडे मांडवाखाली माणूस उभा राहून काम करतो. इथे वेली कमरेएवढ्या, ओळी मीटरभर अंतरावर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास झाडं. ती म्हणाली, "पप्पांनी हे बघितलं असतं तर दिवसभर वाकूनच बसले असते." तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

बर्गंडीत दर्जा कंपनीला नाही, जमिनीला मिळतो. दगडी बांधाच्या अलीकडची वाइन एका नावाची, पलीकडची दुसऱ्या. अशा नाव असलेल्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. असे १२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. जगातल्या सगळ्यात महाग वाइनपैकी एक, रोमाने-काँती, जिथे पिकते ते शेत फक्त १.८ हेक्टर आहे. म्हणजे साडेचार एकर!

मग आलं क्लो द वूजो. भिंतीच्या आत सुमारे ५० हेक्टरचा मळा. बाराव्या शतकापासून तो सिस्टर्शियन मठाचा होता. फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारजमा झाला आणि १८८९ नंतर त्याचे तुकडे होत गेले. आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. मी मोबाइलवर भागाकार केला, सरासरी एकाला साठेक गुंठे. मी हसत म्हटलं, "हे तर आपल्यासारखंच झालं." ती हसली नाही.

कारण आदल्या रात्री तिच्या भावाचा मेसेज आला होता. 'आल्यावर एक दिवस निफाडला ये, हक्कसोडवर तुझी सही राहिलीय.' बस, एवढंच. वडिलांच्या मागे अडीच एकर आहे. वारस तिघं, आई, दादा आणि ही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हक्कसोड पत्र म्हणजे आपला वाटा आपणहून सोडल्याचा रजिस्टर केलेला कागद. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो जन्मापासूनच आहे. तरी घरोघरी बहिणीला साडी नेसवून सही घेतली जातेच.

मी म्हटलं, "अगं, तुला कुठे जमीन विकायचीय? देऊन टाक सही." ती म्हणाली, "अरे, विकायची नाहीच. पण मला कुणी विचारलं का? सरळ सहीच मागितली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं गाव व्होन-रोमाने. तिथल्या वाइनघरांत 'ग्रो' हे आडनाव पुन्हा पुन्हा येतं. एकाच घराण्याच्या फांद्या, आणि त्यातल्या एकाचं नावच 'ग्रो फ्रेर ए सर'. म्हणजे ग्रो, भाऊ आणि बहीण! नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा दिला. म्हणून हे तुकडे, आणि म्हणूनच बाटलीवर बहीणही.

सगळं गोड आहे असं नाही हं. जमिनीचे भाव इतके चढलेत की वारसा कर भरून भावंडांचे वाटे देणं घरच्यांना जड जातं. मग मोठा पैसा येतो. क्लो द तार हा साडेसात हेक्टरचा मळा २०१७ मध्ये अब्जाधीश फ्रान्स्वा पिनो यांच्या कंपनीने घेतला.

त्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी एक वाट काढलीय. जमीन कापायची नाही, ती एका कौटुंबिक कंपनीच्या नावावर ठेवायची. भावंडांना शेअर मिळतात. जो कसतो तो लांब मुदतीच्या करारावर कसतो आणि बाकीच्यांना भाडं देतो. प्रोग्रॅमरच्या भाषेत, कोड एकाच ठिकाणी, अ‍ॅक्सेस सगळ्यांना.

बोनला पोचल्यावर तिने हॉटेलमधून भावाला फोन लावला. मी बाहेर जायला उठलो, तर हाताने थांबवलं. ती म्हणाली, "दादा, शेत तूच कर. मला उत्पन्नही नको. पण सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे." पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आईशी बोल." आई म्हणाली, "त्याला वाईट वाटेल गं." ती म्हणाली, "मला वाटलं ते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बोनचं जुनं धर्मार्थ इस्पितळ पाहिलं. १४४३ मध्ये निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी ते उभारलं. लोकांनी दान दिलेल्या मळ्यांवर ते चालत आलं आणि १८५९ पासून त्याच्या वाइनचा लिलाव होतो. त्यातली एक वाइन आजही गिगोनच्या नावाने विकली जाते. माझी बायको त्या पाटीसमोर बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही.

सही अजून झालेली नाही. दिवाळीत भाऊबीजेला आम्ही निफाडला गेलो, ओवाळणी झाली, जेवण झालं, विषय कुणीच काढला नाही. पुढे काय होईल ते बघू.

तुम्ही मात्र एवढं करा. महाभूलेखवर घरचा सातबारा काढून बघा, त्यावर बहिणीचं नाव आहे का. आणि ताई, तुम्ही ऐकत असाल तर कागद आधी वाचा, वकिलाला दाखवा, मग ठरवा. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण तुम्हाला विचारल्यावर. आणि दादा लोकहो, विचारायला पैसे पडत नाहीत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!